ऑक्टोनॉट्स बघणारं पोर आणि विहिरीवरचा खंड्या

प्रश्न भुसावळच्या एका ताईंचा आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. 'ऑक्टोनॉट्स' नावाचं कार्टून रोज दोन-अडीच तास बघतो. ब्लॉबफिश, नारव्हाल, व्हॅम्पायर स्क्विड ही समुद्रातल्या प्राण्यांची नावं धडाधड सांगतो. परवा यावलकडच्या शेतात आबांनी त्याला विहिरीवर बसलेला खंड्या पक्षी दाखवला, तर "हे बोरिंग आहे" म्हणून त्याने परत मोबाइलमध्ये तोंड घातलं. आबा दिवसभर गप्प होते. ताई विचारतात, त्या कार्टूनमधली माहिती खरी असते का? ते बंदच करावं का? आणि आपण कुठे समुद्राकाठचे, त्या माहितीचा पोराला उपयोग काय?

ताई, आधी सरळ सांगते. माहिती बरीचशी खरी असते. बंद करू नका, आवरा. आणि खंड्याच्या बाबतीत पोराची काही चूक नाही.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मी २८ वर्षं काढली, त्यातली बहुतेक चोपडा आणि यावल तालुक्यांत. रविवारी पोरं गोळा करून तापीकाठी, धरणावर, सातपुड्याच्या पायथ्याला हिंडायची खोड होती, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. शाळेला लोकवर्गणीतून टीव्ही मिळाला तेव्हा हेच कार्टून मी वर्गात दाखवत होते. त्याचे फायदे मी पाहिले आणि एक नुकसानही माझ्याच हातून झालं. ते पुढे सांगते.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिकी वाँग आणि मायकेल मर्फी या जोडीने लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढली, पहिलं २००६ साली. त्यावरून ब्रिटनमध्ये मालिका झाली आणि २०१० पासून बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर ती सुरू झाली. समुद्रात ऑक्टोपसच्या आकाराचं एक घर, ऑक्टोपॉड. त्यात राहणारी टोळी म्हणजे कॅप्टन बार्नॅकल्स हे ध्रुवीय अस्वल, एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं क्वाझी हे पूर्वाश्रमीचं चाचे मांजर, पेसो हा पेंग्विन डॉक्टर, शेलिंग्टन हे पाणमांजर शास्त्रज्ञ, ट्वीक ही ससुलीबाई मिस्त्री, डॅशी ही फोटो काढणारी कुत्री आणि पुस्तकांत बुडालेले प्रोफेसर इंकलिंग, जे स्वतःच ऑक्टोपस. कुठे कोणी अडचणीत सापडलं की भोंगा वाजतो, 'ऑक्टो-अलर्ट', आणि मंडळी समुद्री प्राण्यांच्या आकाराच्या पाणबुड्यांत बसून निघतात. भाग साधारण ११ मिनिटांचा. शेवटी गाण्यातून त्या प्राण्याचा अहवाल देतात, क्रीचर रिपोर्ट. टोळीचं ब्रीद इंग्रजीत तीन क्रियापदांचं आहे. वर्गासाठी मी त्याचं मराठी केलं होतं: शोधा, सोडवा, सांभाळा.

आता खंड्याकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे.

या मालिकेत कुठलाही प्राणी आधी नाव सांगून समोर येत नाही. तो आधी अडकलेला असतो, हरवलेला असतो, नाहीतर भुकेला असतो. त्याची नड काय ते टोळी शोधते. मग त्याच्या अंगातली एखादी खुबी कळते आणि बहुतेक वेळा त्या खुबीनेच गाठ सुटते. नाव, लांबी, खाणं-पिणं हे सगळं शेवटी, अहवालात. आपण घरी नेमकं उलटं करतो. "तो बघ खंड्या." झालं, संपलं. पुढे काय? पोराने म्हणायचं "हो, खंड्या." त्यात त्याला करण्यासारखं काहीच राहत नाही. परीक्षेला आल्यासारखं नाव ऐकायचं आणि घरी जायचं. मीही पहिली दहा-बारा वर्षं असंच शिकवलं. पक्ष्यांचा तक्ता भिंतीवर, हातात छडी, "सांगा पाहू हा कोण?" पोरांना तक्त्यापेक्षा खिडकीबाहेरची खारूताई बरी वाटायची.

तर आबांना सांगा, पुढच्या वेळी नाव घेऊच नका. विहिरीच्या काठावर बसा आणि म्हणा, "या पाखराला घर सापडत नाहीये." पोरगं विचारेल, का? मग सांगा की हा झाडावर घरटं करत नाही. मातीच्या उभ्या कड्यात चोचीने हातभर बोगदा खणतो आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतो. उभाच कडा का? उतारावर खणलं तर साप-मुंगूस आत चढतील. मऊ मातीच का? चोचीला खडक फुटत नाही. आता पोराला आपल्या शेतात असा कडा शोधू द्या. पूर्वी कच्च्या विहिरी असायच्या, त्यांच्या भिंतीत, नाल्याच्या दरडीत ही बिळं सर्रास दिसायची. केळीच्या पट्ट्यात आता विहिरी बांधून काढल्या, पडक्या होत्या त्या बुजवल्या, जागोजाग बोअर झाले. खंड्याची नड खरी आहे ती अशी, कार्टूनवाल्यांनी रचलेली नाही. बिळाखाली विष्ठेची पांढरी रेघ ओघळलेली असते, ती दिसली की घर सापडलं म्हणायचं. आणि मासे खाणारा पक्षी पाण्यापासून लांब, तारेवर बसून काय करतो, हेही विचारू द्या. पांढऱ्या छातीचा आपला नेहमीचा खंड्या नाकतोडे, सरडे, कधी उंदराचं पिल्लूही उचलतो. एवढं झाल्यावर पोरगंच विचारेल, "आबा, याचं नाव काय?"

नड आधी, नाव नंतर. माझ्या उत्तरातली कामाची गोष्ट एवढीच, बाकी सगळे तिचे फाटे.

माहिती खरी का, याचं जरा तपशिलाने बोलू, कारण तिथे पालकांचा दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. कोणी म्हणतं कार्टून म्हणजे थापा, कोणी म्हणतं बीबीसीचं आहे म्हणजे ब्रह्मवाक्य. प्राण्याच्या अंगाविषयी, सवयींविषयी जे सांगतात ते सहसा बरोबर असतं. नारव्हालचं ते लांब शिंग म्हणजे वाढलेला दात असतो, हे खरं. व्हॅम्पायर स्क्विड रक्त पीत नाही, वरून झिरपत येणारा मेलेल्या जिवांचा चुरा खातो, हेही खरं. ब्लॉबफिशचं मात्र वेगळं आहे. ते ओघळलेलं रडकं तोंड आपण सगळीकडे बघतो, पण मासा फार खोलातून वर ओढून काढला की तसा होतो. खाली, पाण्याच्या प्रचंड दाबात तो बऱ्यापैकी माशासारखा माशाच दिसतो. हे पोराला सांगा, त्याला स्वतःच्या हिरोची चूक पकडायला फार आवडेल.

खोटं कुठे आहे तेही धडधडीत आहे. ध्रुवीय अस्वल उत्तर टोकाला राहतं, पेंग्विन दक्षिणेकडे. बार्नॅकल्स आणि पेसो यांची जन्मात गाठ पडणार नाही. वर्गात मी भाग दाखवण्याआधीच पृथ्वीचा गोल पुढे ठेवायची आणि विचारायची, हे दोघं भेटले कसे? एक पोरगी म्हणाली, "बाई, भुसावळ जंक्शनवर भेटले असतील." हसू नका, तिच्या हिशोबाने बरोबरच होतं, सगळ्या गाड्या तिथेच मिळतात.

दुसरं खोटं म्हणजे शिकारी प्राणी समजावल्यावर ऐकतात. टोळी बोलते, शार्क मान डोलावते. इथे आईबापांनी गोड बोलत बसू नये. बगळा बेडूक गिळताना दिसला तर दिसू द्या. एका मुलाने मला विचारलं होतं, पेसो असता तर त्याने कोणाला वाचवलं असतं, बेडकाला की भुकेल्या बगळ्याला? मी त्याला उत्तर दिलं नाही. त्यावर आठवडाभर वर्गात दोन पार्ट्या होत्या.

आणखी एक घोळ आपल्या भाषेचा आहे, कार्टूनचा नाही. आपण व्हेलला देवमासा म्हणतो आणि तो मासाच नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. तारामासा हाही मासा नाही. उलट व्हेल शार्क, नावात व्हेल असूनही, पक्का मासा आहे, जगातला सगळ्यात मोठा. मालिकेत तो येतो. तुमचा मुलगा नाव सांगेलच, तेव्हा त्याला ही पुढची गोष्ट सांगा, ती कार्टूनमध्ये नाही. हा मासा गुजरातच्या, सौराष्ट्राच्या किनाऱ्याला येतो. तिथे तेलासाठी त्याची शेकड्यांनी शिकार व्हायची. २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळालं, पण कायदा कागदावर राहिला असता. २००४ मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, हिला मारायचं का? गुजरातीत तिला 'वहाली' म्हणतात, म्हणजे लाडकी. आता जाळ्यात सापडली तर तिथले मच्छीमार स्वतःचं जाळं कापून तिला सोडतात, आणि फाटक्या जाळ्याची भरपाई त्यांना मिळते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येऊन झोके खेळतात त्या आपल्या खान्देशात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वर्गात मी ती सांगितली तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मंग तिले झोका कोठे बांधतस?"

म्हणजे समुद्राचं आणि आपलं काही नातं नाही, असं नाही. आपली तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगवते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेला खंबातच्या आखातात जाते. भुसावळच्या पुलाखालून गेलेलं पाणी शेवटी वहालीच्याच समुद्राला मिळतं. तुम्ही तर रेल्वेच्या गावच्या. सुट्टीत सुरतची गाडी धरा, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत चला आणि नदी समुद्राला मिळते ती जागा एकदा दाखवून आणा. भरती-ओहोटीत पाणी किती वर-खाली होतं ते पोराने डोळ्यांनी बघितलं पाहिजे. त्या आखाताची भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी आहे. पण ही चैन झाली. झाली तर झाली.

आता माझं नुकसान सांगते.

टीव्ही येऊन दोन-तीन महिने झाले होते. गहू निघाला होता, शेतं मोकळी होती. चौथीतली तिघं धावत आली. हातात जेवणाचा डबा, डब्यात कापूस, कापसावर टिटवीची दोन पिल्लं, अंगठ्याएवढी. "बाई, रेस्क्यू केलं! उघड्यावर पडली होती, आई सोडून गेलेली." मी विचार न करता "शाब्बास" म्हणून गेले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दुपारनंतर मला सुचलं की टिटवी मुळात घरटंच करत नाही. उघड्या रानात ढेकळा-खड्यांत अंडी घालते. धोका दिसला की ती ओरडत वर उठते आणि तिच्या ओरडण्यावर पिल्लं जिथल्या तिथे दबून राहतात, मातीच्या रंगात मिसळून. म्हणजे पिल्लं टाकलेली नव्हती, आईच्या हुकमाने गप्प बसली होती. आम्ही संध्याकाळी डबा घेऊन त्या शेतात गेलो. एक पिल्लू वाटेतच गेलं. दुसरं ठेवलं आणि लांब बांधावर बसलो. आई डोक्यावर घिरट्या घालत होती, तिची ती टिटीव-टिटीव आम्हाला शिव्या दिल्यासारखी ऐकू येत होती. अंधार पडता पडता ती उतरली. पिल्लाला तिने जवळ घेतलं का, ते दिसलं नाही.

त्या पोरांनी कार्टूनमध्ये पाहिलं तेच केलं होतं, आणि शाबासकी मी दिली होती. या मालिकेचा खरा धोका मला तोच वाटतो, माहितीतल्या चुका नव्हेत. पेसो प्रत्येकाला मलमपट्टी करतो, म्हणून पोरालाही प्रत्येकाला मलमपट्टी करायची असते. कासव दिसलं की बादलीत, पोपटाचं पिल्लू दिसलं की पिंजऱ्यात. रानातला प्राणी-पक्षी घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे किती पालकांना माहीत नसतं! मग मी नियम केला, हात मागे. बघताना दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. 'सोडवा' हे काम फक्त माणसाने अडकवलेल्यासाठी. धरणाच्या काठावर तुटक्या नायलॉन जाळ्यांचे तुकडे पडलेले असतात, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. ते तुकडे गोळा करायचे. एका हिवाळ्यात आम्ही खताच्या दोन गोण्या भरल्या. पोरांना ही मोहीम पेसोच्या मलमपट्टीपेक्षा जास्त आवडली, कारण गोणी खरोखर जड होती.

काय काय नड आहे आपल्याकडे, ते सांगत बसले तर रात्र पुरणार नाही. पण दोन-तीन सांगतेच, तुम्हाला सुरुवात करायला.

मरळ. बाजारात तुम्ही घेत असाल. हा मासा असून बुडून मरतो. त्याला थोड्या थोड्या वेळाने पाण्यावर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिला तर गुदमरतो. पहिलीच्या मुलाला "बुडून मरणारा मासा" एवढं म्हणा आणि बघा तो मोबाइल खाली ठेवतो की नाही. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लालसर-केशरी झुंडीने फिरतात आणि खाली आईबाप पहारा देत असतात. भोई लोकांना विचारा, ते तुम्हाला पाण्यावरच्या बुडबुड्यांवरून दाखवतील.

खेकडी. पहिल्या पावसानंतर सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यात आम्ही दगड उचलला होता. खाली खेकडी. तिने पोटाखालचा पडदा जरा सैल केला आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढे खेकडे, डझनावारी, सगळे पाय-नांग्यांसकट पुरते खेकडे. समुद्रातल्या खेकड्याच्या अंड्यातून खेकडा निघत नाही, अगदी वेगळ्या रूपाची अळी निघते आणि ती कित्येक दिवस पाण्यावर तरंगते. नाल्याच्या पाण्यात तसं करून चालत नाही, पूर आला की सगळं वाहून जाईल. म्हणून ही पिल्लं पोटाशी धरून मोठी करते. सोबत एका मुलीची आजी होती, शेळ्या घेऊन आलेली. ती म्हणाली, "लेकुरवाळी शे ती. दगड व्हता तसा ठेव." त्या दिवशीचा क्रीचर रिपोर्ट त्या आजीने दिला असं मी समजते.

आणि रानपिंगळा. ही तर सरळ साहसकथाच आहे आणि आपल्या शहाद्याची आहे, पण खान्देशातल्या दहा जणांना विचारलं तर एखाद्यालाच माहीत असते. घुबडाच्या जातीचा हा लहानसा पक्षी. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. इंग्रज अमदानीत जेम्स डेव्हिडसन नावाचा अधिकारी खान्देशात होता, त्याने काही नमुने जमवले, शेवटचा १८८४ चा. त्यानंतर कोणालाच तो दिसेना. तब्बल ११३ वर्षं! सगळे धरून चालले होते की संपला. मधे एक भानगड झाली. माइनर्ट्झहागन नावाच्या एका बड्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने म्हटलं होतं की आपण १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठी मांडवीला हा पक्षी मारला. लोकांनी विश्वास ठेवला. पुढे पामेला रॅसमुसन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईने तपासला, तर तो डेव्हिडसनचाच निघाला. साहेबांनी संग्रहालयातून चोरला, टाके उसवून पुन्हा भरला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली होती. म्हणजे ती नोंद खोटी. मग खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घ्यायचा ठरला. रॅसमुसन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे हिंडत हिंडत आपल्याकडे आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळच्या उन्हात रानपिंगळा समोर बसलेला! तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. हा पक्षी दिवसाउजेडी फिरतो, उघड्या फांदीवर बसतो, सरडे-उंदीर धरतो. लपलेला नव्हताच. तोरणमाळ, यावलच्या जंगलातही तो पुढे सापडला. त्याला ढोलीसाठी जुनी झाडं लागतात, आणि त्याची नड तीच आहे.

ही गोष्ट मी वर्गात चार दिवस पुरवून सांगायची. चोरी कुठे पकडली गेली ते शुक्रवारी. त्या दिवशी एकही पोर गैरहजर राहत नसे. ऑक्टोनॉट्सची पाणबुडी विसरून पोरं शहाद्याची वाट विचारायची. पावरा आदिवासींच्या पाड्यावरून येणारा एक मुलगा मात्र शांत होता. वर्गात तो बोलतच नसे, घरी पावरी, शाळेत मराठी, कार्टून इंग्रजी, त्याचं कुठेच जमत नसे. या मालिकेत व्हेजिमल नावाची मंडळी आहेत, अर्धी भाजी अर्धा मासा. ती आपल्याच भाषेत चिवचिवतात आणि ते बहुतेक फक्त शेलिंग्टनला कळतं, तो इतरांना सांगतो. मी त्या मुलाला म्हटलं, तू आमचा शेलिंग्टन. पाड्यावर विचारून ये, दिवसा बसणारं घुबड कोणी पाहिलंय का? तो दुसऱ्या दिवशी आला तो तीन वेगवेगळ्या घुबडांची माहिती घेऊन, कोण कुठे बसतं, कोणाचा आवाज कसा. त्यात रानपिंगळा होता की साधा पिंगळा ते मला ठरवता आलं नाही. पण त्यानंतर तो बोलायला लागला.

व्हेजिमलवरून एक गंमत. टर्निपचा ट्युनिप, गाजराचा बॅरट असले त्यांचे प्रकार. आमच्या पोरांनी खान्देशी काढले. केळं आणि खेकडा मिळून केळकडा. वांगं आणि मरळ मिळून वांगरळ, जी म्हणे भरताच्या वासाने पळून जाते. शब्द तोडायचे, जोडायचे, र आणि ळ कुठे जातो ते बघायचं, असं मराठीच्या तासाचं इतकं काम मी दुसऱ्या कशाने करून घेतलं नसतं. तुमच्याही घरी जेवताना खेळून बघा.

वेळेचं शेवटी बोलते. दोन-अडीच तास फार झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी सांगितलं ते दिवसाला फार तर एक तास, आणि कमी असेल तितकं बरं. तुमचा सहाचा आहे, पण मी त्याच मापात ठेवीन. अडचण अशी की भाग ११ मिनिटांत संपतो आणि मोबाइल पुढचा आपोआप लावतो. पोराचा दोष नाही, थांबायला जागाच नसते. ते आपोआप लागणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. एक भाग, फार तर दोन. अहवालाचं गाणं संपलं की पडदा बंद आणि त्याने त्याच दिवशी स्वतःचा एक अहवाल द्यायचा, घरातल्या पालीचा, अंगणातल्या मुंगळ्याचा, कशाचाही. लिहिता येत नसेल तर चित्र आणि तोंडी. कोणत्या भाषेत, यावर भांडू नका. आबा लेवा बोलीत सांगतील आणि तो अर्ध्या इंग्रजीत, चालेल. माझ्याकडे अशा वह्या अजून आहेत. एकीत पालीची नड लिहिली आहे: "ट्यूबलाइट गेली की तिचं हॉटेल बंद."

डिसेंबर-जानेवारीत एका रविवारी सकाळी सातच्या आत हतनूर धरणाच्या मागच्या पाण्याकडे या, चांगदेवच्या बाजूने, जिथे पूर्णा तापीला मिळते. त्या दिवसांत लडाख-तिबेटकडून आलेले चक्रवाक असतात, नारिंगी अंगाचे, जोडीजोडीने. लांबून बघा. वारकरी नावाचे पाणपक्षी तर शेकड्याने दिसतील, काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा. दुर्बीण नसली तरी चालेल, आबांना मात्र आणाच. थंडी झोंबते तेव्हा कानटोपी, आणि चिखल असतो म्हणून जुन्या चपला. पावसाळ्यात त्या काठाला जाऊ नका. ४१ दरवाजे आहेत धरणाला, खाली नदीत पाणी कधी वाढेल सांगता येत नाही, आणि पोराला कुठल्याही मोसमात पाण्याकडे एकटं सोडायचं नाही. मोबाइल पिशवीत राहू द्या, घरी परतेपर्यंत.